तपकिरी गोल

बैठक म्हटली की माणसं बसतात. खडूबाईंच्या बैठकीत सगळे बसायचे, फक्त खडूबाई सोडून. अठरा वर्षं झाली, पण त्यांना कुणी खुर्ची दिली नाही. आणि त्यात कुणाचा दोष होता असंही नाही. टेबलाभोवती फिरत फिरत, याच्या हातात खडू दे, त्याच्या कोपराखालचा कागद सोडव, तिसऱ्याचा चष्मा शोधून दे, असं करणाऱ्या बाईला खुर्ची हवी असेल हे सुचणार कुणाला?

त्यांचा कार्यालयातला हुद्दा होता आरेखक, दुसरी श्रेणी. पहिली श्रेणी कुठे असते ते त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. नगरपालिकेत त्या लागल्या तेव्हा सरळ रेघा मारायला लागल्या होत्या: गटारांच्या, रस्त्यांच्या, पायऱ्यांच्या. मग एक तरुण साहेब कुठलंसं प्रशिक्षण घेऊन आले. डोळ्यांत नुसती चमक. म्हणाले, "लोकांच्या जागेचा नकाशा लोकांनीच काढायचा! एकच मोठा कागद, सगळ्यांच्या हातात खडू. बोलून भांडतात, काढताना भांडत नाहीत." आणि हे काम खडूबाईंच्या गळ्यात घालून सहा महिन्यांत बदली होऊन गेले. साहेब गेले, चमक गेली, योजना मात्र राहिली, कारण ती बंद करायला सही कुणाची लागते हे कार्यालयात कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्यांच्या बैठकीचे नियम दोनच. पहिला: रेघ कुणाचीही असो, खोडायची नाही. पटली नाही तर शेजारी आपली काढा. खोडरबर बाईंच्या पर्समध्ये, आणि पर्स काखेत. दुसरा नियम त्यांचा स्वतःपुरता: लोकांच्या कागदावर आपल्या हातचं एक टिंबसुद्धा पडता कामा नये. हा नियम त्या ठेच लागून शिकल्या होत्या. दुसऱ्याच कागदावर, सुरुवातीच्या उत्साहात, त्यांनी एक वाकडी पायवाट आपल्या सुबक हाताने जरा सरळ केली. आठवड्याने लोकांच्या ते लक्षात आलं. "ही रेघ आमची नाही, ही कार्यालयाची आहे," असं म्हणत एका शांत दिसणाऱ्या आजोबांनी तो कागद मधोमध फाडला. दोन महिन्यांचं काम, एक टर्रर आवाज, संपलं. तेव्हापासून कागदाजवळ बाई हात मागे बांधून उभ्या राहायच्या, परीक्षेतल्या पर्यवेक्षकासारख्या.

अठरा वर्षांत सव्वीस कागद झाले. प्रत्यक्षात उतरलेले: शून्य. एकात भिंत आडवी आली, एकात साहेब बदलले, एकात चित्र सुंदर झालं म्हणून ते काचेखाली घालून साहेबांच्या टेबलावर शोभेला ठेवलं. बाकीचे कपाटावर गुंडाळून पडलेले. त्यांच्यावर शिपाई आपला डबा ठेवतो.

नवराही नेमका निवृत्त चित्रकला शिक्षक. बाई घरी येऊन चपला काढतात न काढतात तो आतून प्रश्न यायचा, "आज किती झाडं जांभळी?"

"चार."

"आणि माणसं घरांपेक्षा मोठी?"

"अहो, गुडघा दुखतोय. तेवढा पट्टा द्या."

तो पट्टा आणून द्यायचा, पण जांभळ्या झाडांचं दुःख त्याच्या चेहऱ्यावरून जायचं नाही. तीस वर्षं मुलांना झाडाचं खोड रंगवायला शिकवलेला माणूस तो. बायकोने गावभर फिरून असली चित्रं गोळा करावीत, हे त्याला म्हातारपणी सोसावं लागत होतं.

तर बाईंच्या निवृत्तीला तीन महिने राहिले असताना सत्ताविसावा कागद निघाला.

चार इमारती, प्रत्येकी तीन मजल्यांच्या, आणि मध्ये शंभर मीटर लांब, साठ मीटर रुंद असं उघडं पटांगण. पटांगण म्हणजे काय, तर फुटकी पाण्याची टाकी, कपड्यांच्या दोऱ्या, आणि चाकं काढून विटांवर ठेवलेल्या दोन मोटारी. साहेबांनी बाईंना बोलावून सांगितलं, "सहा आठवडे. शेवटच्या शुक्रवारी चारही इमारतींच्या सह्या एकाच नकाशावर आल्या, तर तो पुढे पाठवू. नाही तर वाहनतळाचा नकाशा तयारच आहे."

तयार होताच. तो बाईंनीच काढला होता, कार्यालयाच्या हुकमावरून, चाळीस मिनिटांत. पट्टी ठेवायची आणि चौकोन मारायचे. त्याला ना बैठक लागली ना गुडघा दुखला.

बाईंना आता मोठं काही नको होतं. नाव नको, सत्कार नको, नारळ तर नकोच. जाण्याआधी एक तरी गोष्ट कागदावरून उठून जमिनीवर उभी राहावी, एवढंच हवं होतं. अगदी लहान असली तरी चालेल. पायरी असली तरी चालेल.

बैठका व्हायच्या दुसऱ्या इमारतीच्या तळमजल्यावर, बंद पडलेल्या वाचनालयाच्या खोलीत. पुस्तकं वाळवीने वाचून संपवली होती, त्यामुळे जागा भरपूर. मध्ये टेबल टेनिसचं टेबल, जाळी केव्हाच गेलेली. त्यावर कागद बरोबर मावला: एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा अर्धा मीटर. खडू दोरीला बांधून ठेवले आणि खोलीची किल्ली कंडक्टरांकडे. आठवडाभर ज्याला जेव्हा वाटेल तेव्हा त्याने यावं आणि काढून जावं.

कंडक्टर म्हणजे पहिल्या इमारतीतले, बसमधून निवृत्त झालेले. नोकरी सुटली तरी सवय सुटली नव्हती. खोलीच्या दारात उभे राहून "पुढे सरका, पुढे सरका, आतमध्ये जागा आहे" म्हणायचे. त्यांना हवी होती पायवाट. त्यांच्या दारापासून फाटकापर्यंत, नाकासमोर, सरळ. तिसऱ्या इमारतीतल्या शिवणवाल्या वहिनींना बायकांना बसायला जागा हवी होती, "जिथे पुरुष येऊन पुढे सरका म्हणणार नाहीत अशी." आणि चौथ्यातला गॅरेजवाला, त्या विटांवरच्या मोटारींचा धनी, सगळे त्याला दादा म्हणत. त्याला हवे होते गाड्यांसाठी बारा चौकोन. पहिल्याच दिवशी पट्टी घेऊन आला आणि मधोमध काढून मोकळा झाला.

"अहो दादा, तुमच्या गाड्या माझ्या पायवाटेवर उभ्या केल्यात!"

"तुमची पायवाट माझ्या गाड्यांखाली आली, कंडक्टर. आधी कोण आलं?"

"आधी येण्याचं तुम्ही मला सांगता? चौतीस वर्षं रांगा लावल्यात मी."

वहिनी मध्येच, "दोघं हाताने काढा हो, तोंडाने नको."

तीन बैठका अशा गेल्या. कंडक्टरांनी गाड्यांवरून पायवाट नेली, दादाने पायवाटेवर टायर काढले, वहिनींनी टायरांवर फुलं काढली. खोडायचं नाही हा नियम, त्यामुळे कागदावर रस्सीखेच दिसायची. तिसऱ्या बैठकीला बाईंच्या अंगात कसर होती. कुणीतरी चहाचा पेला हातात दिला. छतावरचा पंखा कागद उडवत होता, बसायला खुर्ची नव्हती, हात दुखत होता. बाईंनी पेला टेकवला आणि डोळे मिटून दोन मिनिटं भिंतीला पाठ लावली. ही गोष्ट त्या विसरूनही गेल्या.

आणि चौथ्या बैठकीला काहीतरी बदललं होतं. कागदाच्या मध्याजवळ एक तपकिरी गोल होता. कंडक्टरांची नाकासमोरची सरळ पायवाट त्या गोलापाशी येऊन वळली होती, एखाद्याने वडीलधाऱ्या माणसाला वाट द्यावी तशी. वहिनींनी गोलाच्या कडेने माणसं बसवली होती, लहान लहान, पाय खाली सोडलेली. आणि नवल म्हणजे दादाचे चौकोन! नवीन काढलेले, बाजूला सरकलेले, आणि मोजून दहा.

"दोन कुठे गेले?" बाईंनी न राहवून विचारलं.

दादा तारेच्या ब्रशने नखं साफ करत होता. "जाऊ द्या ना. तिथे कुणाचं तरी काहीतरी आहे."

हा माणूस, ज्याने सख्ख्या शेजाऱ्याला इंचभर जागा दिली नसती, तो कुणाच्या तरी कशासाठी तरी दोन गाड्या मागे सरला होता. गोल कुणाचा हे कुणी विचारलं नाही. प्रत्येकाला मनातून वाटत होतं की आपल्याला ठाऊक आहे. पाचव्या बैठकीला भांडण उरलंच नव्हतं. गोल म्हणजे कट्टा, हे ठरलं. बाजूला एक झाड, पायवाट वळसा घालून, गाड्या कडेला. बाई हात मागे बांधून उभ्या होत्या आणि गुडघा दुखत असल्याचं त्यांना त्या संध्याकाळी घरी जाईपर्यंत आठवलं नाही.

शुक्रवारच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी, जेवणाच्या टेबलावर कागद पसरून त्या साहेबांसाठी तक्ता करायला बसल्या. प्रत्येक गोष्टीला क्रमांक, आणि समोर रकाना: कुणी सुचवलं. पायवाट, कंडक्टर. गाड्या, दादा. झाड, वहिनी. गोल...

नवरा मागे येऊन उभा राहिला होता. "हा रंग कुठला?"

"तपकिरी."

"तुझ्या डब्यात तपकिरी कुठे आहे? तो तर दोन वर्षांपूर्वीच संपला. सगळे खोडं रंगवतात म्हणून. मीच तुला म्हटलं होतं नवा आण, तू आणला नाहीस, म्हणून तर झाडं जांभळी होतात."

बाईंनी डबा उघडून पाहिला. खरंच नव्हता.

नवऱ्याने चष्मा कपाळावर चढवला आणि नाक कागदाला लावलं. "ही रेघच नाही. डाग आहे. आणि ही बघ मुंगी. केव्हाची गोल गोल फिरतेय. साखर पुष्कळ घालतात तुझे लोक."

बाई उठल्या. ओट्यावरून एक पेला आणला आणि त्या गोलावर ठेवला. बरोबर बसला.

नवऱ्याने पेला उचलला, खाली पाहिलं, पुन्हा ठेवला.

"हे बघ," नवरा म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम उतरला, "गप्प बस. अठरा वर्षांत पहिल्यांदा ठरलंय काहीतरी. उद्या सह्या घे आणि ये."

"तो माझा पेला होता."

"बरं, मग?"

"मग ती माझी रेघ झाली. त्यांची नाही."

"अगं, कुणाला कळणार आहे?"

"त्या आजोबांनाही कळणार नव्हतं," बाई म्हणाल्या, आणि पट्टा सोडून गुडघा चोळत बसल्या. थकलेल्या माणसाला खोटं बोलणं सोपं जातं असं लोक समजतात. बाईंच्या बाबतीत उलटं होतं: खोटं सांभाळायला लागते तेवढी ताकद त्यांच्यात उरली नव्हती.

शुक्रवारी खोली भरली होती. कंडक्टर दारात सगळ्यांना पुढे सरकवत होते. सह्यांचा कागद तयार होता. बाईंनी हात मागे न बांधता पुढे आणले आणि टेबलाला धरलं.

"सही करायच्या आधी एक सांगायचंय. हा गोल कुणी काढलेला नाही. माझ्या चहाच्या पेल्याचा डाग आहे. तिसऱ्या बैठकीला मी पेला टेकवला. चूक माझी."

कंडक्टर हसायला लागले. "बाई, दमलात तुम्ही. घरी जाऊन झोपा. अहो, तो मी काढलाय!"

"तुम्ही?" वहिनी उसळल्या. "काहीही काय! तुमच्या आयुष्यात गोल येतो कुठून? तुमचं सगळं नाकासमोर. तो मी काढलाय. बुधवारी."

"बुधवारी किल्ली माझ्याकडे होती."

"तुम्ही झोपला होतात, किल्ली खिळ्यावर होती!"

"कशाने काढला?" बाईंनी थकून विचारलं. "तपकिरी खडू डब्यात नाहीच."

यावर दोघांनी एकमेकांकडे असं पाहिलं, जसं एकाच खोट्यात सापडलेली दोन माणसं पाहतात. आणि तेवढ्यात मागून दादाचा आवाज आला.

"म्हणजे तो कुणाचाच नाही?"

दादा टेबलापर्यंत पुढे आला.

"कुणाचाच नसेल तर मी माझे दोन चौकोन सोडले कशासाठी?"

झालं. बाईंना तो फाटण्याचा टर्रर आवाज कानात ऐकू आला. दादाची सही नाही तर चौथी इमारत नाही, चौथी इमारत नाही तर चौसष्ट चौकोनांचा वाहनतळ. त्यांनीच काढलेला, चाळीस मिनिटांत.

"दादा," वहिनी हळूच म्हणाल्या, "तुम्ही कुणासाठी सोडलेत?"

दादाने खांदे उडवले. मग मान खाली घालून म्हणाला, "आई दुपारी तिथेच उन्हाला बसते ना. बादली पालथी घालून. मला वाटलं, तिनेच कुणाकडून तरी काढून घेतला असेल. स्वतःच्या तोंडाने ती काही मागायची नाही."

"विचारलंत तिला?"

"विचारायचं काय त्यात?" म्हणाला, आणि मग स्वतःलाच ते पटलं नसावं. "थांबा. विचारून येतो."

तो गेला. चौथी इमारत, तिसरा मजला. खोलीत सगळे पंख्याकडे बघत बसले. कंडक्टरांनीसुद्धा कुणाला सरकायला सांगितलं नाही. दहा मिनिटांनी जिन्यावरून उतरणाऱ्या चपला वाजल्या, पटांगण ओलांडताना थांबल्या, पुन्हा वाजल्या.

दादा दारात उभा राहिला. "आई म्हणते, तिनेच काढला."

आता सगळ्यांना ठाऊक होतं की त्या म्हाताऱ्या बाईंना हाताच्या अंतरापलीकडचं दिसत नाही, आणि वाचनालयाच्या या खोलीत त्यांनी पुस्तकं होती तेव्हाही पाऊल ठेवलं नव्हतं. कंडक्टर खोकले. वहिनींनी पदराचा धागा तोडला. गावभरच्या उखाळ्यापाखाळ्या काढणारी माणसं ती. त्या दिवशी एकाच्याही तोंडातून शब्द फुटला नाही.

"मग तिचाच," वहिनी शेवटी म्हणाल्या.

"तिचाच," कंडक्टर म्हणाले. "मला आठवल्यासारखं वाटतंय."

बाईंनी तक्ता पुढे घेतला. गोलासमोरचा रकाना कोरा होता. पेन टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं. खोटं लिहवेना, आणि खरं कुणी घेईना. दादाने ते पेन त्यांच्या हातून काढून घेतलं आणि ग्रीस लागलेल्या बोटांनी मोठ्या अक्षरांत लिहिलं: आई. मग खाली सही केली.

सोमवारी साहेबांनी तक्ता चाळला. "ही आई कोण?"

"रहिवासी," बाई म्हणाल्या.

साहेबांनी पुढे पाठवा म्हणून शेरा मारला, आणि महिन्याभरात त्यांची बदली झाली. पुढच्या महिन्यात बाई निवृत्त झाल्या. नारळ मिळालाच.

नव्या साहेबांनी फाइल उघडली आणि दोन्ही नकाशांचं लग्न लावून टाकलं. पटांगणात वाहनतळ झाला. पायवाट गेली, झाड गेलं. मात्र गोल राहिला, कारण तक्त्यात त्याच्यासमोर मोठ्या अक्षरांत नुसतं आई लिहिलं होतं, आणि ही आई कुठल्या मोठ्या माणसाची असेल कुणास ठाऊक, म्हणून त्याला हात लावायचं धाडस कुणाला झालं नाही. आता हे कार्यालयातल्या शिपायाने सांगितलं म्हणून खरं मानायचं. कपाटावरचे कागद गेले आणि डबा ठेवायची जागा गेली, तेव्हापासून तो जरा कडू बोलतो.

सात-आठ महिन्यांनी एका दुपारी बाई तिथे गेल्या. नवऱ्याला सांगितलं, दातांच्या डॉक्टरकडे जाते. चारी बाजूंना गाड्यांच्या रांगा, आणि मध्ये तीन मीटरचा सिमेंटचा गोल कट्टा, कडेने ओबडधोबड, एका बाजूला उंची चुकलेली. पेल्याचं बूड सहा सेंटिमीटर. हिशोब बरोबर होता. सव्वीस शून्यांनंतर सत्ताविसावा, तोही चहाचा. बाईंना हसावं की काय करावं कळेना, म्हणून त्या नुसत्या उभ्या राहिल्या. ती सवय होतीच.

कट्ट्यावर कंडक्टर एका नव्या भाडेकरूला सांगत होते, "ही कल्पना माझी बरं का."

"ऐकू नका त्यांचं," वहिनी काजं करता करता म्हणाल्या. "यांना गोल माहीत असता तर चौतीस वर्षांत बस एकदा तरी वेळेवर वळली असती. अगंबाई, खडूबाई! या ना!"

दादाची आई उन्हाकडे तोंड करून बसली होती. पालथी बादली नव्हती. "कोण आलंय गं?"

"खडूबाई, आजी. कागद घेऊन यायच्या त्या."

"असं होय." म्हातारीने मान वळवली, जिथून सावली पडत होती त्या दिशेने. "बाई, एक सांगून ठेवते. डब्यात तपकिरी ठेवत जा. मला मेलीला चहात बोट बुडवून काढावा लागला."

कंडक्टरांनी आभाळाकडे पाहिलं. वहिनींनी सुई तोंडात धरली.

"चुकलं माझं, आजी," खडूबाई म्हणाल्या. पर्स काखेतून काढली. गुडघा कुरकुरला. "सरका जरा."

आणि सगळे सरकले.